मोसिन-नागांटवर घरी केलेली माशी : नेम पुन्हा पुन्हा का सरकतो?

जुन्या सैनिकी रायफलीवर घरच्या घरी उंची बदलता येणारी माशी, म्हणजे नळीच्या टोकाशी असलेली नेम धरायची पुढची साइट, बसवणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. पहिल्या दिवशी नेम अगदी बरोबर लागतो. आठवड्याने त्याच अंतरावर, त्याच काडतुसांनी आणि त्याच बैठकीतून झाडलेल्या गोळ्या मात्र वीतभर वर किंवा बाजूला लागतात. स्क्रू फिरवून दुरुस्ती केली की तो दिवस निभावतो आणि पुढच्या खेपेस पुन्हा तेच घडते. माझ्या मोसिन-नागांट ९१/३० वर मी हा त्रास लागोपाठ कित्येक रविवार सहन केला. त्यातून माझी ठाम समजूत झाली आहे की बिघाड बहुधा माशी वर-खाली करण्याच्या रचनेत नसतो, ती जागच्या जागी धरून ठेवण्याच्या रचनेत असतो. आणि तिथेही हात घालण्यापूर्वी नेमके काय सरकते आहे, हे शोधून काढावे लागते.

मी अमेरिकेत राहतो, तिथे ही रायफल कायदेशीरपणे बाळगता येते आणि तिच्यावर असे काम करता येते. भारतात सैनिकी बोअरच्या रायफली सामान्य नागरिकाला मिळत नाहीत आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणून पुढील मजकूर जिथे कायदा परवानगी देतो तिथल्याच वाचकांसाठी आहे, हे आधी स्पष्ट करतो. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावरची 'थ्री नॉट थ्री' सर्वांनी पाहिली आहे. मोसिन-नागांट ही तिचीच रशियन समवयस्क म्हणता येईल. १८९१ मध्ये रशियन सैन्याने ती स्वीकारली, १९३० मध्ये तिची ९१/३० ही सुधारित आवृत्ती आली आणि तुला व इझेव्स्क येथील कारखान्यांतून ती प्रचंड संख्येने बाहेर पडली.

मुळात माशी बदलावीशी का वाटते, तेही थोडक्यात सांगतो. ही रायफल संगीन लावून वापरायची, असे सोव्हिएत सैन्याचे धोरण होते आणि तिचा नेमही संगीन लावूनच, १०० मीटरवर, मागची साइट ३०० मीटरच्या खुणेवर ठेवून जुळवला जाई. या मांडणीत गोळी १०० मीटरवर नेमाच्या बरीच वर लागणे अपेक्षितच असते, कारण तिने ३०० मीटरवर नेमाच्या बिंदूवर यायचे असते. आज आपण संगीन काढून ठेवतो, त्यामुळे नळीचे कंपन बदलते आणि गोळी लागण्याचे ठिकाणही बदलते. शिवाय आपले बहुतेक मैदानी नेमबाजीचे अंतर १०० मीटरच असते. मागची साइट सर्वांत खालच्या, म्हणजे १०० च्या खुणेवर आणूनही गोळ्या वरच लागत असतील, तर मागे आणखी खाली जायला जागाच उरत नाही. उरतो तो एकच उपाय, पुढची माशी उंच करणे. हा नियम पक्का लक्षात ठेवावा: गोळी ज्या दिशेला चुकते, त्याच दिशेला पुढची माशी न्यायची. गोळी वर लागते तर माशी वर, डावीकडे लागते तर माशी डावीकडे. मागच्या साइटचे याच्या बरोबर उलट असते, आणि दोन्हींची गल्लत करून चुकीच्या बाजूला कानस चालवलेल्या माशा मी पाहिल्या आहेत.

आता गणित, कारण पुढचे सगळे निदान त्यावर उभे आहे. ९१/३० च्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचे अंतर ६२२ मिलिमीटर आहे. म्हणजे माशी १ मिलिमीटर उंच केली, तर १०० मीटरवर गोळी सुमारे १६ सेंटिमीटर खाली येते. हेच प्रमाण उलट बाजूने वाचले, म्हणजे त्रासाचे मूळ लक्षात येते. माशी नकळत एक दशांश मिलिमीटर जरी हलली, तरी निशाणावर दीड सेंटिमीटरहून अधिक फरक पडतो. डोक्याच्या केसाएवढी ढिलाई निशाणावर बोटभर रुंदीची चूक होऊन उमटते. बोटाला अजिबात न जाणवणारी हालचाल नेम बिघडवायला पुरेशी असते, म्हणून 'मी हलवून पाहिली, पक्की आहे' या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही.

माझी पहिली माशी अशी होती. मूळ माशीला हात लावायचा नाही हे ठरवून मी तशीच एक सुटी माशी मिळवली, तिच्या गोल कड्यातली मूळ खुंटी काढली, त्या जागी भोक पाडून एम-३ चे, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूचे, आटे पाडले आणि त्यात एक पोलादी स्क्रू बसवला, ज्याचे टोक ड्रिलमध्ये फिरवत कानशीने बारीक करून वरून सपाट केले होते. एम-३ च्या आट्यांचा टप्पा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणून एका पूर्ण फेऱ्याला १०० मीटरवर ८ सेंटिमीटर आणि पाव फेऱ्याला २ सेंटिमीटर, असा हिशेब सुटसुटीत बसला. पहिल्या दिवशी पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांचे पुंजके, अगदी मध्यावर लागले. दुसऱ्या खेपेस पहिल्या पाच गोळ्या ठीक, आणि त्यानंतर प्रत्येक ग्रुप थोडाथोडा वर चढत गेला. मी स्क्रू पाव फेरा वर घेतला. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी, थंड नळीतून, पहिलाच ग्रुप खाली. स्क्रू पुन्हा खाली. असे आठवड्यामागून आठवडे मी माशीच्या मागे धावत राहिलो, आणि प्रत्येक वेळी मी केलेली दुरुस्ती हाच पुढच्या वेळचा बिघाड ठरत होता.

पहिली शिस्त ही की, मैदानावर चुकलेला ग्रुप पाहून लगेच स्क्रूला हात लावायचा नाही. एन.सी.सी.मध्ये .२२ रायफल चालवलेल्यांना 'ग्रुपिंग' हा शब्द चांगला माहीत असतो. तिथले उस्ताद आधी ग्रुप पाहतात आणि मग तो कुठे लागला हे पाहतात. तेच इथे करायचे. ग्रुप घट्ट आहे पण जागा बदलली आहे, की ग्रुपच फाकला आहे? ग्रुप उभ्या रेषेत लांबला आहे की आडवा? तो हळूहळू चढतो आहे की एकदम उडी मारून नव्या जागी स्थिरावला आहे? मी एक वही केली आणि प्रत्येक ग्रुपसमोर चार गोष्टी लिहू लागलो: नळी थंड की गरम, ऊन कोणत्या बाजूने, काडतुसे कोणत्या लॉटची, आणि माशीवरच्या खुणा जुळतात की नाही. तीन रविवारांच्या नोंदींनी मला जे सांगितले, ते त्याआधीच्या दोन महिन्यांच्या स्क्रू फिरवण्याने सांगितले नव्हते.

खुणांचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत उपयोगी आहे. माशीचे कडे ज्या डव्हटेल (तळाशी रुंद, वर अरुंद) खाचेत बसते, तिथे कडे आणि त्याची बैठक यांच्यावरून जाणारी एक बारीक रेघ धारदार सुईने ओढावी, आणि स्क्रूच्या बुंध्यापासून कड्याच्या तळावर येणारी दुसरी रेघ रंगाच्या पेनाने काढावी. ग्रुप सरकला की आधी भिंग घेऊन रेघा पाहाव्या. पहिली रेघ तुटली असेल, तर कडेच आडवे सरकले आहे आणि गोळ्याही बाजूला गेलेल्या दिसतील. दुसरी रेघ तुटली असेल, तर धक्क्यांनी स्क्रू फिरला आहे. माझ्या बाबतीत गोंधळ असा झाला की दोन्ही रेघा अखंड होत्या आणि तरीही गोळ्या चढत होत्या.

याचे एक कारण नळीची उष्णता होते. नळी तापली की ती लाकडी दस्त्याला आणि वरच्या लाकडी आवरणाला जिथे टेकते, तिथला दाब बदलतो आणि ग्रुप चढू लागतो. यात माशीचा काहीच दोष नसतो. ओळखायचे कसे? रायफल रिकामी करून, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडा ठेवून, नळी हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे आणि स्क्रूला स्पर्शही न करता पुन्हा पाच गोळ्या झाडाव्या. ग्रुप मूळ जागी परतला, तर दोष लाकडाचा. नाही परतला, तर माशीचा. माझ्या चढत्या ग्रुपपैकी निम्मी चढाई अशी गार झाल्यावर परत येत होती, आणि मी मात्र गरम नळीवर दुरुस्ती करून थंड नळीचा नेम बिघडवत होतो. त्या दिवसापासून माशीची प्रत्येक दुरुस्ती मी थंड नळीतल्या पहिल्या ग्रुपवरूनच करतो.

उरलेली निम्मी चढाई मात्र परत येत नव्हती. तिचा उलगडा घरी झाला. बोल्ट काढून रायफल व्हाइसमध्ये लाकडी गुटक्यांमध्ये धरली, माशीच्या बुंध्याशी पातळ तेलाचा एक थेंब सोडला, जादा तेल पुसून घेतले आणि दिव्याच्या तिरप्या उजेडात भिंगातून पाहत, दात कोरायच्या लाकडी काडीने माशीचे टोक हलकेच मागे-पुढे ढकलले. बोटाला काहीच जाणवले नाही. पण आट्यांच्या कडेला तेलाची एक चकाकती रेघ होती, ती काडीच्या प्रत्येक दाबाबरोबर आत शोषली जात होती आणि पुन्हा बाहेर येत होती. स्क्रू फिरत नव्हता, तो आट्यांमध्ये डुलत होता. कड्याचा तळ इतका पातळ होता की त्यात जेमतेम तीन आटे पकडत होते, आणि मी आटे पाडताना टॅप (आटे पाडायचे हत्यार) किंचित वाकडा जाऊ दिल्यामुळे भोकही थोडे मोठे झाले होते. प्रत्येक गोळीच्या धक्क्याने स्क्रू आपल्या ढिलाईच्या एका टोकाला जाऊन बसे, आणि डब्यातून घरी नेताना दुसऱ्या टोकाला.

यावर मी तीन उपाय करून पाहिले. पहिला, आट्यांना लावायचा निळा चिकटद्राव. तो काही काळ उत्तम चालला आणि मग अचानक सुटला. कारण नंतर कळले. जुन्या सोव्हिएत काडतुसांच्या टोप्यांतील रसायनामुळे गोळी झाडल्यावर क्षार मागे राहतात, ते पाणी लावूनच धुवावे लागतात आणि नंतर तेल द्यावे लागते. माशी नळीच्या तोंडाशीच असल्याने हे क्षार तिच्या आट्यांतही शिरतात, आणि दर खेपेच्या गरम पाण्याने व तेलाने चिकटद्रावाची पकड हळूहळू जाते. ज्यांच्या माशीच्या आट्यांत तांबूस पूड दिसते, त्यांनी हा गंज याच क्षारांचा आहे असे समजावे आणि नळी धुताना माशीही धुवावी.

दुसरा उपाय चेकनटचा. कड्याच्या तळावर एक पातळ नट बसवून तो स्क्रूवर आवळला की आट्यांतली ढिलाई एका बाजूला खेचली जाते आणि स्क्रू घट्ट होतो. हा उपाय खरा आहे, पण त्यात एक गोम आहे: नट आवळताना स्क्रू ढिलाईइतका वर उचलला जातो, म्हणजे आवळण्यापूर्वी जुळवलेला नेम आवळल्यावर एक-दीड सेंटिमीटर खाली जातो. म्हणून नट पूर्ण आवळूनच ग्रुप घ्यावा, आणि स्क्रूची शेवटची फिरकी नेहमी एकाच दिशेने, खालून वर येणारी ठेवावी. शिवाय गोल कड्याच्या आत नटला पान्याने पकडायला जागा फारच अपुरी असते, आणि नेमाच्या वेळी तो नट डोळ्याला खालून दिसत राहतो, ते मला रुचले नाही.

तिसरा उपाय आज माझ्या रायफलीवर आहे. पहिले कडे बाजूला ठेवून दुसऱ्या सुट्या कड्यात मी नव्याने, या वेळी टॅप अगदी सरळ धरून आटे पाडले, आणि कड्याच्या बुंध्यात आडवे भोक पाडून एम-२ चा छोटा, बिनडोक्याचा ग्रब स्क्रू बसवला, जो माशीच्या आट्यांवर बाजूने दाबतो. पोलादावर पोलाद दाबले तर आटे चेचतात, म्हणून दोघांच्या मध्ये गवत कापायच्या यंत्रातल्या नायलॉनच्या दोरीचा दोन मिलिमीटरहून लहान तुकडा घातला. नायलॉन आट्यांत रुतून बसते, माशीला एका बाजूला सतत दाबून ठेवते, आणि तरीही अॅलन कीने ग्रब स्क्रू थोडा सैल केला की माशी फिरवता येते. तेल-पाण्याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. तेलाच्या थेंबाची तीच परीक्षा पुन्हा घेतली. रेघ जागची हलली नाही.

फिनलंडच्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. त्यांनी मोसिनवरून स्वतःच्या रायफली घडवल्या, त्यांतील एम/२८-३० आणि एम/३९ या रायफलींच्या माशीला दोन्ही बाजूंनी समोरासमोर दोन स्क्रू आहेत. माशी उजवीकडे न्यायची तर आधी उजवा स्क्रू सैल करायचा आणि मग डावा आवळायचा. काम संपते तेव्हा माशी दोन स्क्रूंच्या चिमटीत गच्च धरलेली असते. इथे जुळवणे आणि आवळणे या वेगळ्या दोन गोष्टी राहतच नाहीत. फिनलंडचा प्रसिद्ध नेमबाज सैनिक सिमो हायहा याची रायफल एम/२८-३० होती आणि तो दुर्बीण न लावता साध्या साइटनेच नेम धरत असे. ब्रिटिशांनी उलट वाट धरली: ली-एन्फील्डसाठी, म्हणजे आपल्या 'थ्री नॉट थ्री'साठी, फिरणारी माशी न करता ०.०१५ इंचाच्या फरकाने वेगवेगळ्या उंचीच्या पात्या साठ्यात ठेवल्या आणि शस्त्रागारातला कारागीर योग्य ती पाती बसवून देई. एकदा नेम जुळला की वर्षानुवर्षे ज्याला एकाच अंतरावर आणि एकाच जातीच्या काडतुसांनी नेमबाजी करायची आहे, त्याने ब्रिटिशांचे ऐकावे असे मला मनापासून वाटते. फिरणारी माशी हवी ती वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्या वापरणाऱ्याला.

दोन बिघाड माशीतून येतात पण माशी हललेली नसते. एक, उंची बदलली की बाजूही बदलणे. स्क्रूचे बारीक केलेले टोक त्याच्या अक्षाच्या मध्यावर नसेल, तर पाव फेरा देताच ते आडवेही सरकते, आणि एक दशांश मिलिमीटरचा तिरपेपणा १०० मीटरवर दीड सेंटिमीटर बाजूला दाखवतो. टोक ड्रिलमध्ये फिरवून पाहिले तर ते लटपटताना स्पष्ट दिसते. असे टोक दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता नवा स्क्रू घ्यावा. दुसरा, सकाळ-संध्याकाळचा फरक. नव्या कापलेल्या पोलादाचे टोक चकाकते. उन्हाच्या बाजूची कड उजळून दिसते, डोळा त्या उजळ कडेलाच माशीचा मध्य समजतो आणि गोळी उन्हाच्या उलट बाजूला जाते. टोक गोलसर राहिले असेल, तर उंचीतही हाच भ्रम होतो. टोक अगदी सपाट आणि कोपरे धारदार ठेवावेत, आणि ते काळे करावे. त्यासाठी आपल्या देवघरातला कापूर उत्तम: पत्र्याच्या झाकणावर कापराची छोटी वडी पेटवून तिच्या धुरात माशी काही सेकंद धरली की मखमलीसारखी काळी काजळी बसते, जिच्यावरून उजेड परततच नाही. अर्थात हे काम कडे रायफलीवरून उतरवून, घरी, काडतुसांपासून दूर करावे. काजळी बोटाने पुसली जाते, म्हणून मैदानावर जाण्यापूर्वीच ती धरावी.

मागची साइटही तपासून घ्यावी. तिचा सरकता भाग दोन्ही बाजूंची बटणे दाबून हलतो, आणि जुन्या रायफलींत तो झिजलेला असतो. मी तो नेहमी मागून पुढे एकाच दिशेने आणून खुणेवर ठेवतो. काडतुसांचा लॉट बदलला तर आधी नव्या लॉटचा ग्रुप घ्यावा आणि मगच माशीचा विचार करावा.

ज्यांनी अजून काहीच केलेले नाही, त्यांनी स्क्रूपासून सुरुवात करू नये, असा माझा आग्रह आहे. विजेच्या बारीक तारेचे प्लॅस्टिकचे आवरण मूळ माशीवर टोपीसारखे चढवावे आणि ते टोकाच्या वर थोडे लांब ठेवून, थंड नळीतून ग्रुप घेत, ब्लेडने जराजरा कापत यावे. नेम जुळला की व्हर्निअरने उंची मोजावी. हे आवरण उष्णतेने मऊ पडते, तेलाने निसटते आणि कायमचा उपाय म्हणून ते कुचकामी आहे, पण आपल्या रायफलीला नेमकी किती उंची हवी, हे ते काही न बिघडवता सांगते. पुष्कळांना याच टप्प्यावर कळते की त्यांना फिरणाऱ्या माशीची गरजच नाही, फक्त एका उंच खुंटीची आहे.

काम करताना बोल्ट काढलेला असावा, खोलीत काडतूस नसावे, आणि कानशीचा कीस नळीत जाऊ नये म्हणून तोंडाशी कापडाचा बोळा बसवावा. तो बोळा भडक रंगाचा आणि बाहेर लोंबणारा असावा. नळीत विसरलेला बोळा पुढच्या गोळीला नळी फोडू शकतो. डव्हटेलमधले कडे हातोडीने ठोकू नये, स्क्रूने ढकलणारे साधन वापरावे, आणि ते हलवण्यापूर्वी जुन्या जागेची रेघ ओढावी. जुन्या सैनिकी रायफलींच्या स्पर्धांत मूळ स्वरूपाचीच माशी चालेल, असा नियम अनेक ठिकाणी असतो, म्हणून नाव देण्यापूर्वी नियम वाचावेत.

माझी मूळ माशी एका कागदी पाकिटात तेल लावून ठेवली आहे. पाकिटावर डव्हटेलमधली तिची जागा रेघेने काढली आहे आणि शेजारी लिहिले आहे : '१०० मीटर, संगीन नाही, थंड नळी, ०.९ मिलिमीटर उंच हवी.'